सुमीची पुडी

आमच्या घराण्यात एक जुना विनोद आहे. माझी थोरली बहीण सुमन कुणालाही एखादं काम सांगते आणि सांगून झालं की लगेच विचारते, "सांगितलं का मी?" सुनेला दुधावर झाकण ठेवायला सांगेल, नातवाला फाटक लावून घे म्हणेल, आणि ते वळायच्या आत, "सांगितलं का मी? सांगितलं न्हवं?" लग्नाकार्यात सगळे जमले की एखादं पोरगं डोक्यावर टॉवेलचा पदर घेऊन तिची नक्कल करतं. सगळे हसतात. तीही हसते. मीही हसत आलो आहे. पण ही सवय तिला कशानं लागली ते त्या हसणाऱ्यांत मला एकट्यालाच ठाऊक होतं. परवा मला चकलांब्याला जायचं आहे, एका बाईला भेटायला. तिच्यापुढं उभं राहिल्यावर माझी जीभ ऐनवेळी काय करेल याचा मला भरवसा नाही, एकदा या जिभेनंच मला दगा दिलेला आहे. म्हणून जे घडलं ते आधी कागदावर उतरवून ठेवतो.

आमचं गाव डोंगराच्या कुशीत, नांदूरघाटचा बाजार पायी करता येईल इतक्या अंतरावर. घर माळवदाचं, तीन खणांचं. पुढच्या खणात दादांची शिलाई मशीन. दादा, म्हणजे आमचे वडील, अख्ख्या गावाचे शिंपी. त्या मशीनचा आवाज म्हणजे आमच्या घराचा श्वास होता. मागच्या परसात माय भाकरी थापत असली, शेवग्याखाली कोंबड्या उकरत असल्या, तरी त्या सगळ्या आवाजांच्या खाली मशीनची खडखड चालूच असायची आणि ती आम्हाला ऐकू येत नसे. ती थांबली की मात्र ऐकू यायची. दादा ओरडत नसत, मारत तर कधीच नसत. मशीन थांबली म्हणजे दादा ऐकतायत, एवढं कळलं की आम्ही दोघं भावंडं आहोत तिथं गप्प व्हायचो. आजही कुठं शिलाई मशीन चालता चालता थांबली की मी हातातलं काम सोडून दाराकडं बघतो.

दिवाळीच्या आगंमागं आमचा डोंगर सीताफळांनी लगडायचा. त्या दिवसांत ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, वर करडीच्या तेलाची धार, आणि जेवण झालं की उंबऱ्यावर बसून सीताफळं. बिया तोंडातून उडवायच्या, कुणाची लांब जाते ते बघायचं. माझी लांब जायची. अक्का, म्हणजे सुमन, मात्र त्या बिया वेचायची. मी तिला हसायचो. मग कळलं की ती नुसत्या आमच्याच वेचत नव्हती. बाजारात रहीमचाचा फळं विकायचे, त्यांच्या पाटीपुढं गिऱ्हाइकांनी थुंकलेल्या बियांचा सडा पडायचा, तोही ती पदरात भरून आणायची. राखेनं धुवायची, माळवदावर वाळवायची आणि परसातल्या फुटक्या उखळात कुटायची. मायनं तिला दाखवून दिलं होतं की या बियांच्या भुकटीनं डोक्यातल्या उवा मरतात. हेही बजावलं होतं की ही भुकटी डोळ्याला फार वाईट. म्हणून अक्का कुटताना नाकापर्यंत फडकं बांधायची, तोंड फिरवून डोळे किलकिले करायची आणि भुकटी मुद्दाम जाडसर ठेवायची, उडू नये म्हणून. तेव्हा ती बारा वर्षांची होती, मी दहाचा.

जुन्या वहीच्या कागदात पुडी, तिला दादांच्या रिळातला लाल दोरा, आणि बाजारात चाचांच्या पाटीशेजारी पोत्याचा एक तुकडा अंथरून बसायचं, हा तिचा धंदा. ती ओरडायची नाही. बायका आपोआप यायच्या, कारण डोकं सगळ्यांचंच खाजायचं. कुणी पैसे द्यायच्या, कुणी पसाभर ज्वारी. आणि प्रत्येकीला पुडी देताना अक्का एका दमात म्हणायची, "तेलात कालवा, डोळ्याला फडकं बांधा, मान मागं टाकून धुवा." पुडी हातात ठेवायची पण हे म्हणून होईपर्यंत सोडायची नाही. एखादी ओढायला लागली तरी सोडायची नाही. चाचा हसून म्हणायचे, "सुमनबेटी, पुडी इकायलीस का नमाज पढायलीस?" हळूहळू त्या औषधाला दुसरं नावच उरलं नाही. गावात कुणी डोकं खाजवलं की म्हणायचे, सुमीची पुडी आण.

माझेही धंदे होते. मी बोरं विकायला बसलो होतो. आदल्या आठवड्यात वेचून मडक्यात झाकून ठेवलेली. चाचांनी एक फोडलं, आत बघितलं आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं विचारलं, "दिगूशेठ, बोरं इकायलास का मटन?" लोक इतके हसले की मी पाटी तिथंच टाकून घरी आलो. त्यानंतर मला एकच काम उरलं. अक्का म्हणेल त्या घरी तिची पुडी पोचवायची.

याच सुमारास दादांनी अक्कासाठी बटवा शिवला. कुणाच्या तरी रेशमी चोळीतून उरलेलं जांभळं कापड होतं, त्याचा. आत एक चोरकप्पा, वर ओढायची नाडी. देताना दादा म्हणाले, "आमची सुमी बाजार करती." एवढंच. मी दारात उभा होतो. मला वाटलं, आता माझ्याकडं बघून काहीतरी म्हणतील. ते मशीनवर बसले आणि खडखड सुरू झाली. माणसाला आयुष्यभर पुरेल एवढं वाईट करायला किती थोडं कारण पुरतं, याचा मी पुढं पुष्कळ विचार केला. चार बोटं रुंद कापड होतं ते.

मी ठरवलं की मी तिच्यापेक्षा चांगली पुडी करायची. तिच्या पुडीनं उवा मरायला दोनदा डोकं धुवावं लागायचं. माझ्या पुडीनं एकदाच मेल्या पाहिजेत. तिच्या वाळवणातल्या बिया मी थोड्या थोड्या चोरल्या आणि शेळीच्या गोठ्यात बसून दगडानं अशा वाटल्या की पीठ व्हावं. वर ते पीठ मायच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यातून गाळलं. गाळताना ते उडालं. माझे डोळे दुपारभर चुरचुरत होते, पाणी थांबेना. मायनं विचारलं, "डोळे लाल कावून झाले रे?" मी म्हणालो, चुलीचा धूर. हे मुद्दाम लिहितो, कारण नंतर मी पुष्कळदा स्वतःला समजावलं आहे की लहान होतो, मला काय कळत होतं. कळत होतं. माझ्याच डोळ्यांनी मला सांगितलं होतं.

कापूस वेचणीचे दिवस होते. सकाळी माय आणि अक्का रानात निघाल्या होत्या. अक्का माळवदाच्या शिडीपाशी होती, डोक्यावर गाठोडं. तिनं माझ्या हातात एक पुडी दिली आणि म्हणाली, "सोजरकाकूला दे. तेलात कालवा, डोळ्याला फडकं बांधा, मान मागं टाकून धुवा. सांग बरं का नीट." तेवढ्यात गल्लीतून मायची हाक आली आणि ती धावली. सोजरकाकू आमच्या गल्लीच्या टोकाला राहायच्या. मी अक्काची पुडी वाटेतल्या नालीत टाकली आणि खिशातली माझी काढली. लाल दोरा माझ्या पुडीलाही होता. दुसऱ्या कशानं बांधली असती तर कुणी घेतलीच नसती.

काकूंनी विचारलं, "सुमीची पुडी का रे?"

"व्हय."

"कशी लावायची? काई सांगितलंय का तिनं?"

मला ते वाक्य पाठ होतं. झोपेत म्हटलं असतं. पण ते तिचं होतं. मला त्या क्षणी तिचं काहीही तोंडात घ्यायचं नव्हतं. आणि दुसरंही एक होतं, तिच्या पुडीला इतक्या अटी, माझ्या पुडीला एकही नाही, हे मला फार भारी वाटलं.

"न्हाई काकू. नुसती चोळायची."

"लई बरं झालं. मला कुठं टाइम हाय? गंगे, ये हिकडं. डोकं हाय का वारूळ?"

काकूंची गंगू सात वर्षांची. दोन्ही हातांनी डोकं खाजवत पळत आली आणि मला म्हणाली, "दिगूदादा, मेल्यावर उवा मोजता येत्यात का?"

"येत्यात की."

"मंग मी मोजीन."

मी उड्या मारत घरी आलो.

दुसऱ्या दिवशी मशीन थांबली. मी परसात होतो. खडखड थांबली आणि मग सोजरकाकूंचा आवाज आला, आणि त्या आवाजाच्या आत दुसरा एक बारीक आवाज, मांजराच्या पिल्लासारखा. मी पुढं आलो तर काकूंच्या कडेवर गंगू. दोन्ही डोळे पेरवाएवढे सुजलेले, पापण्या चिकटलेल्या, त्यातून पाणी वाहतंय. ती हात पुढं करून हवेत चाचपत होती.

"भावजी, तुमच्या पोरीनं माझ्या लेकराचे डोळे घेतले!"

दादा उठून उभे राहिले. "सुमे, काय दिलंतंस?"

"उवाची पुडी," अक्का म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"डोळ्याचं सांगितलंतंस का?"

"सांगितलं की..."

"काईच सांगितलं न्हाई!" काकू ओरडल्या. "मी इचारलं ना ह्याला, काई सांगितलंय का. पोरगं म्हनलं न्हाई."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. दादा हळू आवाजात म्हणाले, "दिगू, अक्कानं तुला काय सांगितलं होतं?"

"पुडी दे म्हनली."

"आनि?"

"आनि काई न्हाई."

अक्का माझ्याकडं वळली. ती चिडली असती, माझ्या झिंज्या धरल्या असत्या, तर मी तिथंच खरं बोललो असतो असं मला अजून वाटतं. पण ती चिडली नाही. ती खरंच विचारत होती. "मी सांगितलं न्हवतं का रे, दिगू?"

"न्हाई," मी म्हणालो.

गंगूला बैलगाडीनं सडकेपर्यंत आणि तिथून एसटीनं अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेलं. बरोबर दादा गेले. डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या आहेत, आठ दिवसांनी उघडतील, तेव्हा काय ते कळेल, असा निरोप आला. ते आठ दिवस मशीन बंद होती. आमचं घर इतकं शांत मी कधी ऐकलं नव्हतं. मी उरलेली भुकटी शेवग्याखाली पुरली होती. मग दिवसभर मला एकच धास्ती, कोंबड्या ती उकरतील. मी जेवतानासुद्धा उठून परसात बघून यायचो. कोंबडी शेवग्याकडं वळली की ढेकूळ मारायचो. माय म्हणायची, "कोंबड्यानी तुझं काय घोडं मारलंय?" गंगूला कसं दिसत असेल म्हणून मी डोळे मिटून घरातून चालून बघायचो. तिसऱ्या पावलाला डोळे आपोआप उघडायचे. एकदा पुरलेल्या जागेवरची चिमूटभर भुकटी बोटावर घेतली आणि डोळ्यापर्यंत नेली. तिथून बोट पुढं गेलं नाही.

पण सगळ्यात वाईट अक्काचं होतं. ती रडत नव्हती, जेवत नव्हती. ती आठवत होती. रिकामं गाठोडं डोक्यावर घेऊन ती शिडीपाशी जाऊन उभी राहायची. ओठ हलायचे. मग मान हलवायची आणि पुन्हा पहिल्यापासून. एके सकाळी तिनं मला बोलावलं. "तू हितंच उभा होतास न्हवं?"

"व्हय."

"मंग रहा उभा."

मी उभा राहिलो. तिनं माझ्या तळहातावर एक चपटा दगड ठेवला, पुडी म्हणून. "मी म्हनलं, सोजरकाकूला दे. मंग मायनं हाक मारली. का मायनं आधी हाक मारली?" ती माझ्या डोळ्यांत बघत होती. "मला वाटतंय मी म्हनले. पन मी तर रोजच म्हनती. त्यातलं त्या दिवसाचं कोनचं?" दगड तिनं तीनदा माझ्या हातावर ठेवला, तीनदा काढून घेतला. मी हात पसरून उभा होतो. शेवटी ती म्हणाली, "न्हाईच म्हनले मी. गडबडीत इसरले." आणि गाठोडं खाली ठेवलं.

पट्ट्या सुटल्या. गंगूचा एक डोळा वाचला. दुसऱ्यात फूल पडलं, बुबुळावर पांढरा डाग, तो कायमचा. हे ऐकल्यावर मी परसात गेलो आणि शेवग्याखाली पुरलेल्या जागेवर आणखी माती लोटली. अक्कानं बटवा मशीनच्या चाकाला अडकवून ठेवला. दादांनी चार दिवस त्याला हात लावला नाही. मग उसवून त्याचं मशीन पुसायचं फडकं केलं. "सुमीची पुडी" हा शब्द मात्र गावात उरला, उलटा होऊन. कुणाचं काही करायला जाऊन नुकसान झालं की लोक म्हणायचे, झाली का सुमीची पुडी. ती पाण्याला निघाली की पोरं माळवदावरून ओरडायची. मीही त्यांच्याबरोबर माळवदावर असायचो. ओरडायचो नाही, पण असायचो.

अक्का लग्न होऊन युसूफ वडगावला गेली. मेव्हण्यांचं किराणा दुकान होतं. त्यांनी पुष्कळ आग्रह केला, पण तिनं कधी कुणाला एक पुडी बांधून दिली नाही. म्हणायची, माझ्या हातून इसर पडतो. तिच्यासारखी विकणारी मी पुन्हा पाहिली नाही, आणि मी आयुष्यभर दुकानच चालवलं. केजमध्ये, बी-बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं. औषधाची बाटली देताना मी प्रत्येक शेतकऱ्याला म्हणायचो, तोंडाला फडकं बांधा, वाऱ्याच्या उलट फवारू नका. लोकांना याचं कौतुक होतं. दुकानदार असावा तर असा, म्हणायचे. मी ते ऐकून घेत आलो.

गेल्या महिन्यात अक्काचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मी भेटायला गेलो. दुपारची वेळ, ती खाटेवर बसली होती, काळा चष्मा लावून. मी नेलेल्या सीताफळांवरून ती अंगठा फिरवत होती. म्हणाली, "देवानं माझा डोळा राखला बघ, दिगू. माझ्यावानी बाईचा. गंगूला पंचमीची चोळी पाठवलीस का औंदा? माझ्यानं जमलं न्हाई." चकलांब्याला दिलेल्या गंगूला ती दर नागपंचमीला चोळीचं कापड पाठवते, या वर्षीपर्यंत एकदाही चुकलेलं नव्हतं. त्या कापडाचे पैसेसुद्धा तिनं मला कधी देऊ दिले नव्हते. मी तोंड उघडलं आणि सगळं सांगितलं. गोठा, लुगड्याचा तुकडा, नाली, नुसती चोळायची. सांगताना मी तिच्याकडं न बघता फळांकडं बघत होतो.

तिचा अंगठा सीताफळावर थांबला. मग तिनं चष्मा काढला.

"अक्का, डॉक्टरनं काढू नको म्हनलंय."

"गप बस." ऑपरेशन झालेला डोळा लाल होता, पाण्यानं भरलेला. "मंग मी सांगितलं होतं?"

"व्हय अक्का. शिडीपाशी. गाठोडं डोक्यावर होतं. मायनं नंतर हाक मारली."

"काय सांगितलं होतं? म्हन."

"तेलात कालवा, डोळ्याला फडकं बांधा, मान मागं टाकून धुवा."

"पुन्ना म्हन."

मी पुन्हा म्हणालो. तिनं आणखी एकदा म्हणायला लावलं. ती ओठ हलवून माझ्याबरोबर म्हणत होती, अगदी बारीक आवाजात. मग थांबली.

"तू उभा राहिलतास की रे," ती म्हणाली. "मी तुझ्या हातावर दगड ठेवला. रहा म्हनलं, तर राहिलतास."

मी तो हात मांडीवर उपडा ठेवला.

"चकलांब्याला जा. आधी तिला सांग. मंग हिकडं यायचं. न्हाई सांगितलंस तर यायचं न्हाई."

मी उठलो. पाया पडायला वाकलो तर तिनं पाय वर घेतले. बाहेर येऊन चप्पल शोधत होतो, तेवढ्यात आतून तिचा आवाज आला, सुनेला हाक मारून म्हणत होती, "पाच वाजता डोळ्यात थेंब टाकायचेत. आनि ती सीताफळं उचल हितनं." सून बरं म्हणाली. मी एका पायात चप्पल घालून उंबऱ्याला धरून उभा राहिलो, तिचं नेहमीचं पुढचं वाक्य ऐकायला. सून पाटी उचलून स्वयंपाकघरात गेली, भांडी वाजली, नळ सुरू झाला. आतून काही आलं नाही. मी दुसरी चप्पल घातली.